पाय जागेवर, कंबर प्रवासाला!

उठा, उभे राहा बघू. पायांत थोडं अंतर ठेवा, गुडघे किंचित सैल सोडा आणि एक हात छातीवर ठेवा. आता छाती, खांदे, मान यांतलं काहीही हलू न देता फक्त कंबर उजवीकडे न्या. मग डावीकडे.

छातीवरचा हातसुद्धा सरकला ना? सरकणारच! चालताना, धावताना, खाली वाकताना आपले स्नायू टोळीने काम करतात. कंबर निघाली की पाठ निघते, पाठीमागून खांदे निघतात. एकट्याने काम करायची सवयच नसते बिचाऱ्यांना. ती लावावी लागते, आणि त्यासाठी फार सराव लागतो.

ही सवय लावणारा एक नाच आहे. आपण त्याला बेली डान्स म्हणतो. ज्या इजिप्तमध्ये तो नावारूपाला आला, तिथे रंगमंचावरच्या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात आणि घरात, लग्नकार्यात नाचतात त्या साध्या रूपाला 'रक्स बलदी'. या नाचात कंबर एक ताल धरते, छाती दुसरीकडेच गोल फिरते, हात सावकाश हवेत वळणं घेतात. आणि डोकं? ते इतकं स्थिर असतं की त्यावर पेटत्या मेणबत्त्या ठेवता येतात. खरंच ठेवतात! त्याबद्दल सांगतेच, पण आधी पोटाची गंमत.

या नाचातल्या काही जणी पोटावर चक्क लाट उठवतात. लाट वरून खाली जाते, मग खालून वर येते. हे होतं कसं? आपल्या पोटाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, एकेक लांब उभा स्नायू असतो. त्याच्यावर आडव्या, चिवट पट्ट्या असतात आणि त्यांमुळे त्याचे कप्पे पडतात. व्यायाम करणाऱ्यांच्या पोटावर 'सिक्स पॅक' दिसतात ना, ते हेच कप्पे. खरी मजा पुढे आहे. या स्नायूच्या वरच्या आणि खालच्या भागांना मणक्यातून निघणाऱ्या वेगवेगळ्या मज्जातंतूंकडून हुकूम मिळतात. त्यामुळे सरावाने वरचा भाग आधी आवळायचा, मग मधला, मग खालचा, असं करता येतं. आधी आवळलेला भाग त्याच क्रमाने सैल सोडला की पाहणाऱ्याला लाट दिसते. स्नायूला फक्त आखडता येतं, ढकलता येत नाही. मग पोट बाहेर कसं येतं? श्वासाचा पडदा, म्हणजे फुप्फुसांखालचा घुमटासारखा स्नायू, खाली सरकतो आणि पोटातल्या अवयवांना पुढे लोटतो. म्हणजे एका लाटेसाठी पोट आणि श्वास या दोघांची भागीदारी लागते.

बरं, माणसं असं नाचायला कधी लागली?

डायनासोर मेला तरी त्याची हाडं उरतात. नाच संपला की काहीच उरत नाही. म्हणून नाचाचा इतिहास शोधणाऱ्यांचं काम फार अवघड असतं, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं एक भित्तिचित्र आहे. सुमारे 3,400 वर्षांपूर्वीचं! त्यात काही बायका बसल्या आहेत. एक जण जोडबासरी वाजवते आहे, बाकीच्या टाळ्या देत आहेत आणि शेजारी दोन मुली नाचत आहेत. हे चित्र पाहून कितीतरी लोक म्हणतात, "बघा, बेली डान्स!" पण चित्र हलत नाही. त्या मुली पुढच्या क्षणाला कंबर हलवणार होत्या की उडी मारणार होत्या, हे भिंत सांगत नाही. एवढं मात्र नक्की, की नाईल नदीच्या काठी तेव्हाही मेजवानी म्हटली की टाळ्या, बासरी आणि नाच होताच.

ठोस माहिती मिळते ती खूप नंतर. एडवर्ड लेन नावाचा एक इंग्रज कैरो शहरात जाऊन राहिला, अरबी शिकला, तिथले कपडे घालून गल्ल्यांमधून फिरला आणि 1836 मध्ये त्याने तिथल्या लोकांच्या राहणीवर एक जाडजूड पुस्तक छापलं. त्यात दोन प्रकारच्या कलावतींचं वर्णन आहे. एक 'अवालिम'. या शिकलेल्या गायिका श्रीमंतांच्या घरी बायकांच्या दालनात, जाळीच्या खिडकीआड बसून गात. खाली अंगणात बसलेल्या पुरुषांना त्यांचा नुसता आवाज ऐकू येई. दुसऱ्या 'गवाझी'. या लग्नाला, बाळाच्या जन्माला, सणावाराला घराच्या अंगणात किंवा दारासमोरच्या रस्त्यावर नाचत. कंबरेची अतिशय वेगवान थरथर हे त्यांच्या नाचाचं मुख्य लक्षण, असं लेनने नोंदवून ठेवलं. असाच नाच करणारे पुरुषही तेव्हा कैरोत होते, हेही त्यानेच लिहिलं आहे. तेव्हा मुलांनो, पान उलटू नका!

गवाझींचा पोशाख आज सिनेमात दिसतो तसा नव्हता. लांब झगा, आत सैल विजार आणि कंबरेला घट्ट गुंडाळलेली शाल. शाल कशाला? कंबरेची हालचाल लहानशी असते, शालीमुळे ती उठून दिसते. पुढे शालीला गोंडे आले, नाणी आली, मण्यांच्या झालरी आल्या. झालर वरून बांधलेली आणि खालून मोकळी असते. कंबर थांबली तरी जडत्वामुळे झालरीचं मोकळं टोक पुढे जातच राहतं. कंबर बोटभर हलली तर झालर वीतभर उडते. बोटांत मात्र जुन्या काळापासून पितळी 'सागात' आहेत. आपल्या वारकऱ्यांच्या हातातल्या टाळांची इवलीशी भावंडंच जणू! प्रत्येक हाताच्या अंगठ्यात एक आणि मधल्या बोटात एक. नाचता नाचता स्वतःच ताल वाजवायचा.

आता मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग. हा नाच जिथे गेला, तिथल्या जागेप्रमाणे तो बदलला.

जरा विचार करा. बायकांनी भरलेली खोली आहे, मध्ये कशीबशी हातभर जागा. तिथे उड्या आणि गिरक्या कुठून घेणार? पण गुडघे, कंबर, पोट आणि छाती हलवायला एक फरशीसुद्धा पुरते. घरात आणि अंगणात वाढलेल्या या नाचात पाय जवळजवळ जागच्या जागीच असतात, ते काही उगाच नाही.

मग, लेनचं पुस्तक छापून येण्याच्या दोन वर्षं आधी, 1834 आलं. इजिप्तचा शासक महंमद अली याने गवाझींना कैरोत नाचायला बंदी केली आणि त्यांना दूर दक्षिणेला एस्ना, केना, अस्वान या गावांकडे हाकललं. किती वाईट वाटलं असेल त्यांना! नाच मात्र संपला नाही. दक्षिणेत त्याने मूळ धरलं. लक्सर शहरातल्या माझिन घराण्याच्या बहिणी विसाव्या शतकातही गवाझींचा नाच करत होत्या.

त्या दक्षिण भागात पुरुषांचा 'तहतीब' नावाचा लाठीचा खेळ आहे. तो 2016 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. तिथल्या बायकांनी काय केलं माहीत आहे? तीच काठी हातात घेतली, ती गरगर फिरवली, डोक्यावर तोलून धरली आणि तिचा नाच केला. पुरुष काठी घेऊन लढायचा आव आणतात आणि या हसत हसत नाचतात!

पुढची जागा म्हणजे जत्रा. तीही साधीसुधी नाही. 1889 मध्ये पॅरिसला ज्या जागतिक प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभा राहिला, त्याच प्रदर्शनात कैरोची एक खोटी गल्ली बांधली होती आणि तिथे नर्तकी नाचल्या. मग 1893 मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत आणखी मोठं प्रदर्शन भरलं. जगातला पहिला फेरिस व्हील, तो प्रचंड पाळणा, तिथेच फिरला. त्या प्रदर्शनाच्या निमित्तानेच सर्वधर्म परिषद भरली, आणि स्वामी विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण तिथे झालं. त्याच वर्षी, त्याच शहरात, 'कैरोचा रस्ता' नावाच्या भागात अमेरिकन लोक डोळे विस्फारून हा नाच पाहत होते. काहींना तो आवडला, काहींनी नाकं मुरडली आणि बऱ्याच जणांनी न शिकताच त्याची भलतीसलती नक्कल सुरू केली. हे मला मुळीच आवडत नाही. लग्नात, बारशाला कौतुकाने नाचला जाणारा नाच परक्या देशात नुसता तमाशा म्हणून उभा केला गेला.

इकडे कैरोत 1926 मध्ये बदिया मसाबनी नावाच्या कलावतीने स्वतःचं नाट्यगृह काढलं. ती मूळची आजच्या सीरिया-लेबनॉन भागातली. तिच्याकडे भलामोठा रंगमंच होता. आता हातभर जागेतला नाच मागच्या रांगेतल्या माणसाला दिसणार कसा? मग नर्तकी मंचभर फिरू लागल्या, गिरक्या घेऊ लागल्या, हात वर उचलू लागल्या. वाद्यवृंद मोठा झाला. लांबून चमकावा असा मणी-झालरींचा दोन भागांचा पोशाख आला. आज आपण डोळ्यांसमोर आणतो तो बेली डान्स या काळात घडला. म्हणजे वय शंभर वर्षांच्या आसपास!

बदियाच्या मंचावरून दोन मोठ्या नर्तकी पुढे आल्या आणि दोघी अगदी वेगळ्या. सामिया गमाल पाश्चात्त्य नृत्यंही शिकली होती. ती ओढणी उडवत मंचावर यायची आणि मंचभर तरंगायची. तहिया करिओका मात्र मोठ्या मंचावरही फार सरकायची नाही. थोडक्या जागेत उभी राहून सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायची. तिचं 'करिओका' हे आडनाव आलं ब्राझीलच्या एका नाचावरून. तो 1933 च्या एका अमेरिकन सिनेमात गाजला होता, आणि तिने तो कैरोत करून दाखवला. मला विचाराल तर तहिया जास्त आवडते. जुनी अंगणातली सवय तिने दिव्यांच्या झगमगाटातही सोडली नाही.

मग 1959 मध्ये महमूद रेडाने आपलं नृत्यपथक काढलं. हा गडी मूळचा जिम्नॅस्ट! 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो इजिप्तकडून उतरला होता. तो गावोगाव हिंडला, लोक कसे नाचतात ते पाहिलं आणि त्यातून मंचासाठी नवे नाच बसवले. फरिदा फहमी ही त्याची मुख्य नर्तकी. तिने पुढे अमेरिकेत विद्यापीठात जाऊन या नाचांचा अभ्यासही केला.

हो, मेणबत्त्या राहिल्याच! इजिप्तच्या लग्नाच्या वरातीत पुढे एक नर्तकी असायची. तिच्या डोक्यावर फांद्याफांद्यांचं मोठं दीपदान, त्याला म्हणतात 'शमादान'. मेणबत्त्या मधोमध न ठेवता चहूबाजूंना पसरलेल्या असतात. वजन असं लांब पसरलं की ती वस्तू पटकन कलत नाही, सावकाश कलते, आणि तेवढ्या वेळात नर्तकीला मान सावरून घेता येते. खालचे सगळे हिसके गुडघे आणि कंबर पिऊन टाकतात, मानेपर्यंत काहीच पोचत नाही. पण ऐका, हा प्रयोग घरी करायचा नाही. करायचाच तर डोक्यावर वही ठेवून करा.

आणखी एक प्रयोग मात्र आत्ता करा. इजिप्तच्या ढोलालाही 'तबला'च म्हणतात, पण तो पेल्याच्या आकाराचा आणि एकटाच असतो. चामड्याच्या मधोमध मारलं की अख्खं चामडं एकदम वर-खाली होतं आणि खोल 'दुम्' निघतो. काठावर मारलं की चामड्याचे तुकडे तुकडे वेगवेगळे थरथरतात आणि टणक 'तक्' निघतो. तुम्ही डब्याच्या झाकणावर वाजवा. आठ मात्रा मोजा आणि रेघ आली की गप्प राहा:

दुम् तक् – तक् दुम् – तक् –

हा झाला 'मकसूम'. आता दुसऱ्या मात्रेचा 'तक्' काढून तिथे 'दुम्' घाला:

दुम् दुम् – तक् दुम् – तक् –

एकच ठोका बदलला आणि झाला 'बलदी', घरच्या नाचाचा ताल! पुन्हा मकसूमवर या आणि या वेळी चौथ्या मात्रेला 'दुम्' घाला:

दुम् तक् – दुम् दुम् – तक् –

हा 'सैदी', दक्षिणेतल्या काठीच्या नाचाचा. आता तुम्ही सहाव्या मात्रेवर काहीतरी घालून बघा, आणि भावंडाला सांगा, त्यावर फक्त कंबर हलव!