स्विचचे पोर्ट ३० सेकंद का थांबते?

शाळेच्या संगणक कक्षातील सर्व संगणक तारांनी एका पेटीला जोडलेले असतात. ही पेटी म्हणजे स्विच आणि तार जिथे खोचायची ती खाच म्हणजे पोर्ट. कधी असे होते की संगणक सुरू होतो, तार पक्की बसलेली असते, पोर्टचा दिवाही लागतो. पण बाहेर संपर्क होत नाही. संगणकाचा पत्ता पाहिला तर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसतो. नेमकी ऑनलाइन परीक्षा असली की तारेला नाहीतर संगणकाला बोल लावला जातो. दोघेही निर्दोष असू शकतात. स्विचच मुद्दाम थांबलेला असतो. का, ते पाहू या.

समजा, रोहिणखेड, मोताळा आणि बुलडाणा येथे आपण एकेक माणूस बसवला. नियम एकच: निरोप ज्या वाटेने आला ती सोडून बाकी सर्व वाटांनी पुढे धाडायचा. रोहिणखेडचा निरोप मोताळ्याहून बुलडाण्याला, तिथून परत रोहिणखेडला आणि पुन्हा मोताळ्याला जाईल. दुसरी प्रत उलट दिशेने फिरेल. चौथे गाव सर्वांशी जोडले तर आणखी गंमत होते. पहिल्या टप्प्यात ३ प्रती, मग ६, १२, २४. दहाव्या टप्प्यात १,५३६! वर्गात चार मुले उभी करून चिठ्ठ्यांनी हे जरूर करून पाहावे.

सर्वांसाठी असलेला संदेश स्विच असाच पुढे ढकलतो. इंटरनेटच्या पाकिटावर दर मुक्कामाला एकाने घटणारा आकडा असतो. तो शून्य झाला की पाकीट टाकून देतात. स्विच ज्या इथरनेट फ्रेम हाताळतो, त्यांवर असा आकडाच नाही. म्हणून तारांचा बंद फेरा झाला की काही क्षणांत सारे ठप्प होते.

मग जादा तार जोडूच नये? पण एक तार उंदराने कुरतडली तर दुसरी वाट हवीच. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये यावर तोड काढली: तारा राहू द्या, काही पोर्टे झोपवा. उरलेल्या वाटांना झाडासारख्या फांद्या असतात, फेरा नसतो. हीच स्पॅनिंग ट्री. १९९० मध्ये ती मानक झाली. स्विच दर २ सेकंदांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवून झाडाचे मूळ कोण आणि कोणते पोर्ट झोपवायचे ते ठरवतात.

नवी तार लागली की पोर्ट १५ सेकंद नुसते ऐकते, पुढची १५ सेकंद पत्ते शिकते आणि मगच वाट मोकळी करते. तोवर संगणक पत्ता मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेतो. २००१ मध्ये आलेल्या जलद पद्धतीत दोन स्विच प्रश्नोत्तर करून झटपट मोकळे होतात. संगणकाला मात्र ती भाषा येत नाही. पलीकडे संगणक आहे हे स्विचने ओळखले नाही, किंवा त्याला कोणी सांगितले नाही, तर ३० सेकंद जातातच.

यावर काहीजण स्पॅनिंग ट्रीच बंद करतात. आमच्या मते हे चोराच्या भीतीने घर पाडण्यासारखे आहे. संगणकाच्या पोर्टांना तेवढी ‘एज’ ही खूण करावी. सिस्कोच्या स्विचवर तिला ‘पोर्टफास्ट’ म्हणतात. मग पोर्ट लगेच मोकळे होते. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टाला ही खूण कधीही करू नये.

खूण केलेल्या पोर्टावर ‘बीपीडीयू गार्ड’ही लावावा. उद्या कोणी तिथे दुसरा स्विच जोडला आणि त्याचा स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला, तर पोर्ट तत्काळ बंद होते. बऱ्याच स्विचवर ते नंतर हाताने उघडावे लागते, म्हणून कोणत्या पोर्टावर काय आहे याचा कागद पेटीजवळच चिकटवावा.

स्वस्त, लहान स्विचमध्ये बहुधा यांतले काहीच नसते. तिथे सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले, तर दोन्ही टोके त्याच पेटीत खोचलेली तार आधी शोधावी. ती सापडली नाही तर दिवे शांत होईपर्यंत एकेक तार काढत जावे.