फायबरचा गर्डर : ऐकीव काय, खरे काय

गोंदिया स्थानकाच्या फलाटावरून वर पाहिले, की हावडा-मुंबई मार्गावरची २५ हजार व्होल्टची तार दिसते. ही तार खांबाला थेट बांधलेली नसते, मध्ये इन्सुलेटर असतो. जुने इन्सुलेटर चिनी मातीचे, चकचकीत. त्यांच्या जोडीला रेल्वेने दुसरा प्रकारही आणला, मऊसर रबरी चकत्यांचा. त्या सिलिकॉन रबराच्या चकत्या फक्त पाऊस आणि धूळ झेलतात. तारेचा ओढा पेलते ती आतली कांडी, आणि ती काचतंतू व रेझिनची असते. ही कांडी ज्या पद्धतीने घडते तिला पल्ट्रूजन म्हणतात. फायबरचे गर्डर, चॅनेल, अँगल, लाइनमनच्या शिडीचे उभे दांडे, केबल ट्रे, पिवळे कठडे हे सगळे याच पद्धतीचे.

गोंदिया जिल्ह्यात या मालाला काम कमी नाही. धानाच्या गिरण्या आहेत, त्यांतल्या उष्णा तांदूळ काढणाऱ्यांकडे पाणी आणि वाफ पाचवीला पुजलेली. तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच असलेले औष्णिक वीज केंद्र आहे, तिथून कोराडी-अकोल्याच्या दिशेने ७६५ केव्हीची वाहिनी जाते. जिथे लोखंड गंजते किंवा जिथे वीज खेळते, तिथे ‘फायबर लावा’ असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. सल्ला बहुधा बरोबर असतो, पण त्यामागची कारणे पुष्कळदा ऐकीव असतात. हा माल कसा बनतो ते पाहिलेले नसल्यामुळेच यातले बहुतेक गैरसमज होतात. म्हणून आधी कारखान्यात जाऊ.

‘प्लास्टिकच ते, साच्यात ओततात’

पीव्हीसीचा पाइप बनतो तो चकलीच्या सोऱ्यासारखा : वितळलेला माल मागून दाबायचा, पुढून आकार बाहेर. पल्ट्रूजनमध्ये मागून दाबणारे कोणीच नसते. पुढून ओढले जाते, कारण धागा ढकलता येत नाही, ओढताच येतो.

कारखान्याच्या एका टोकाला उंच मांडण्यांवर काचतंतूची रिळे रचलेली असतात. (हा तंतू रायगड जिल्ह्यात तळोज्याला बनतो, गोव्यात बार्देशातल्या कोलवाळलाही त्याचा कारखाना उभा राहिला.) एक तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा. असे हजारो तंतू न पिळता एकत्र घेतले, की त्याला रोव्हिंग म्हणतात. ४८०० टेक्सचे रोव्हिंग म्हणजे किलोमीटरभर लांबीला ४ किलो ८०० ग्रॅम वजन. मध्यम आकाराच्या एका गर्डरसाठी अशी शंभराहून अधिक रिळे एकाच वेळी सुटत असतात. ती छिद्रांच्या पट्ट्यांतून ओळीने पुढे येतात, रेझिनच्या हौदात बुडतात आणि चिंब होऊन निघतात. त्यांच्या वर-खाली काचतंतूची मॅट येते, जिच्यात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात. अगदी बाहेरून एक पातळ, जाळीदार पापुद्रा येतो, तो व्हेल. हौदात नुसते रेझिन नसते. ते घट्ट करणारे पेरॉक्साइड, भराव म्हणून कॅल्शियम कार्बोनेटसारखी पूड, डायला चिकटू नये म्हणून घातलेले द्रव्य आणि रंगही असतो. रंग आतपर्यंत मुरलेला असल्यामुळे पिवळा कठडा खरवडला तरी आत पिवळाच निघतो.

पुढे डाय. सुमारे मीटरभर लांबीचा पोलादी ठोकळा, आतून क्रोमचा मुलामा, १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवलेला. खरी गंमत याच मीटरभरात घडते. आत शिरताना ओला आणि लिबलिबीत असलेला जुडगा बाहेर येताना कडक गर्डर झालेला असतो. रेझिन घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडते, त्यामुळे मालाचा गाभा डायपेक्षाही जास्त तापतो. मग रेझिन किंचित आक्रसते, डायच्या भिंतीपासून सुटते आणि माल पुढे सरकतो. पलीकडे दोन पकडी आळीपाळीने त्याला ओढत राहतात : एक ओढते तेव्हा दुसरी मागे येऊन पुन्हा धरते. शेवटी हिऱ्याच्या पात्याची करवत, जी मालाबरोबर सरकता सरकता कापते, कारण ओढ थांबवता येत नाही. बारीक पट्टी मिनिटाला मीटर-दीड मीटर निघते, जाड गर्डर काही सेंटिमीटरच.

वेग हेच इथले कसब. घाई केली तर गाभा कच्चा राहतो आणि आत चिरा पडतात, बाहेरून काही कळत नाही. रेंगाळले तर माल डायमध्येच घट्ट होऊन अडकतो. त्यामुळे मधेच वीज जाणे ही या धंद्यातली मोठी धास्ती.

आणखी एक. घराच्या छतावरची फायबरची टाकी किंवा न्हाणीघराचा फायबरचा दरवाजा पाहून गर्डरची परीक्षा करू नये. असा हाताने थर देऊन केलेला माल आखूड, अस्ताव्यस्त तंतूंचा असतो आणि त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश काच असते. पल्ट्रूजनच्या मालात ५० ते ७० टक्के काच असते, तीही बरीचशी लांबीच्या दिशेने ताणलेली.

‘पोलादापेक्षा मजबूत’

विक्रेत्याचे हे आवडते वाक्य. ते खोटे नाही, अर्धे आहे.

युरोपच्या ईएन १३७०६ या मानकात अशा प्रोफाइलच्या दोन प्रती आहेत, ई-१७ आणि ई-२३. वरच्या प्रतीत लांबीच्या दिशेने ताण सोसण्याची ताकद किमान २४० मेगापास्कल हवी, म्हणजे साध्या बांधकामी पोलादाच्या आसपास. वजन मात्र पोलादाच्या चौथाईच. इथवर विक्रेता बरोबर आहे. त्याच मानकात आडव्या दिशेची किमान ताकद ५० मेगापास्कल आहे, जवळपास एक पंचमांश. पोलादाला दिशा नसते, या मालाला आहे. धागे जिकडे ओढले तिकडची ताकद काचेची; आडव्या दिशेला मॅट आणि रेझिन जेवढे तगतील तेवढीच.

त्याहून मोठी गोष्ट लवण्याची. ई-२३ मधला आकडा कडकपणाचा : २३ गिगापास्कल. पोलादाचा कडकपणा सुमारे २०० गिगापास्कल. त्याच मापाच्या, तेवढ्याच भाराच्या पोलादी तुळईपेक्षा फायबरची तुळई आठ-नऊ पट जास्त लवेल. मोडणार नाही, पण लवेल. त्यामुळे ‘लोखंडी आय गर्डर काढला, त्याच मापाचा फायबरचा बसवला’ हा हिशेब चुकतो. इथे डिझाइन ताकदीवर कमी आणि लवण्यावर जास्त ठरते. उंची वाढवली की हा प्रश्न बराच सुटतो : रुंदी तीच ठेवून आयताकृती छेदाची उंची दुप्पट केली, तर कडकपणा आठपट होतो. चांगला अभियंता हेच करतो. गिरणीतल्या माणसाला मात्र फायबरचा पूल पायाखाली थोडा दबला की वाटते, माल हलका दिला.

‘गंजत नाही, म्हणजे काहीच होत नाही’

गंजत नाही हे खरे. ओल, मिठाचे पाणी, सौम्य आम्ले यांच्यापुढे लोखंड जिथे हात टेकते तिथे हा माल वर्षानुवर्षे उभा राहतो. पण त्याला उष्णतेची भीती आहे. पॉलिएस्टर रेझिनच्या प्रोफाइलची ताकद ६५ अंशांच्या आसपास निम्मीच धरा, असे उत्पादकांचे तक्ते सांगतात. व्हिनिल एस्टर बरेच पुढे जाते, पण तेही वाफेपुढे नाही. उष्णा तांदूळ काढताना धान गरम पाण्यात भिजते आणि मग वाफवले जाते. भिजवणीच्या टाक्यांभोवतीचा जिना, कठडा, जाळी फायबरची करणे शहाणपणाचे आहे. वाफेच्या नळाला टेकू म्हणून तोच चॅनेल लावणे नाही. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा उन्हातला गडद रंगाचा भाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. रंग निवडताना हेही पाहावे.

ऊन वरचे रेझिन खाते. मग काचतंतू उघडे पडतात आणि हात फिरवला की खाज सुटते. व्हेल आणि अतिनील किरण रोखणारे द्रव्य त्यासाठीच असते. साइटवर कापलेल्या टोकाला मात्र व्हेल नसतो, तिथे तंतूंची हजारो तोंडे उघडी असतात. त्यावर रेझिनचा हात फिरवणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि तेच सर्रास टाळले जाते.

इन्सुलेटरच्या कांडीने तर हा धडा जगभरच्या वीज कंपन्यांना दिला. रबराचे आवरण किंवा टोकाचे सील फुटले की आत ओल शिरते. उच्च दाबाच्या विद्युत विसर्जनाने हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होते. साधी ई-काच ताणाखाली असताना या आम्लात एकेक तंतू करत तुटत जाते आणि एक दिवस कांडी करवतीने कापल्यासारखी सपाट तुटते, तीही तिच्या क्षमतेपेक्षा फार कमी भाराला. त्यामुळे आता चांगल्या कांडीत बोरॉन नसलेली, आम्लाला दाद न देणारी काच वापरतात. कांडीत तंतूंच्या कडेने पोकळी राहिली आहे का, हे तपासण्याची चाचणी अगदी साधी आहे. कांडीचे १० मिलिमीटर जाडीचे काप करायचे, ते उथळ बशीत काचेच्या गोट्यांवर ठेवायचे आणि बशीत फुक्सिन या गडद गुलाबी रंगाचे द्रावण घालायचे, एवढेच की कापाचा तळ त्यात बुडेल. १५ मिनिटांच्या आत वरच्या बाजूला रंग उमटला तर कांडी नापास. दुसऱ्या चाचणीत ३० मिलिमीटरचे तुकडे मिठाच्या पाण्यात १०० तास उकळतात आणि मग त्यांना १२ हजार व्होल्टचा दाब देतात.

‘वीज लागत नाही’

काचतंतूचा माल कोरडा आणि स्वच्छ असेल तर खरे. चिखल, तुसाची धूळ आणि ओल यांचा थर बसलेली शिडी ही सुरक्षित शिडी नव्हे. आणि कार्बन तंतूचा माल वीज वाहून नेतो; दिसायला काळा, पण काळा रंग दिलेला काचतंतूही तसाच दिसतो. विचारून घ्यावे.

‘आपला वेल्डर करून देईल’

नाही करणार. हे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे वेल्डिंग नाही, तापवून वाकवणे नाही. जोड बोल्टचा किंवा चिकटवण्याचा. बोल्टसाठी भोक पाडले की धागे तुटतात, आणि भोक टोकाजवळ असेल तर बोल्ट तेवढा भाग कापत सरळ बाहेर येतो. म्हणून भोकापासून टोकापर्यंतचे अंतर लोखंडापेक्षा जास्त ठेवावे लागते. फायबरच्या ढाच्यात कमकुवत जागा बहुधा जोडाचीच. आगीबद्दलही इथेच सांगतो : रेझिन हा सेंद्रिय पदार्थ आहे, तो पेटतो. ज्वाला पसरू न देणारी प्रत मिळते, पण ती वेगळी मागावी लागते.

‘नवीन खूळ आहे, कोणी पारखलेले नाही’

१९५० च्या दशकात अमेरिकेत या पद्धतीने मासेमारीच्या काठ्या निघू लागल्या. ब्रँट गोल्ड्सवर्दी यांना या क्षेत्राचे आद्य प्रवर्तक मानतात. १९९२ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरफेल्डी गावात टे नदीवर ११३ मीटर लांबीचा पादचारी पूल उभा राहिला, ज्याचे मनोरे आणि तक्ता पल्ट्रूजनचे आहेत. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या पोंत्रेसिनात १२.५ मीटरचे दोन गाळे असलेला पूल झाला. एका गाळ्याचे जोड बोल्टचे, दुसऱ्याचे चिकटवलेले, आणि तो हलका असल्यामुळे हेलिकॉप्टरने उचलून बसवता आला. डिझाइनचे नियम मात्र मालाच्या बरेच मागून आले : युरोपचे सीईएन/टीएस १९१०१ हे २०२२ मध्ये, अमेरिकन सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेचे ७४ क्रमांकाचे मानक २०२३ मध्ये. म्हणून खरेदीच्या वेळी फक्त ‘ताकद किती’ एवढे विचारून भागत नाही. रेझिन कोणते, प्रत ई-१७ की ई-२३, आणि चाचणी अहवालात आडव्या दिशेचा आकडा आहे का, हे विचारावे. तो आकडा बहुधा गाळलेला असतो.

‘भंगारात जाईल की’

जाणार नाही. लोखंडी गर्डर तीस वर्षांनीही भंगारवाला वजनावर घेतो. हा माल वितळत नाही, त्यामुळे तो दळून भराव म्हणून वापरतात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळतात. भट्टीत रेझिनचे इंधन होते आणि काचेतली सिलिका व चुना सिमेंटमध्ये मिसळतात. जर्मनीत पवनचक्कीच्या जुन्या पात्यांसाठी ही वाट वापरली गेली आहे. गोंदियातल्या गिरणीमालकाने हिशेब मांडताना गंजरोधक रंगाचा दरवर्षीचा खर्च वाचला हे जमेला धरावे आणि शेवटच्या वर्षी भंगाराचा रकाना रिकामा ठेवावा.