पिचर, इंजिनिअर, डॉक्टर आणि एक कोपर

बेसबॉलची वर्ल्ड सीरिज दोनदा जिंकायची आणि मग पस्तिशीच्या आसपास पोराटोरांबरोबर मेडिकलच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसायचं, हा उद्योग टोरांटोच्या रॉन टेलरनी केला. जून २०२५ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी ते गेले. पिचर (म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज) आणि डॉक्टर या दोन पाट्यांमागे त्यांची तिसरी पाटी मात्र झाकली जाते. टेलर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. टोरांटो विद्यापीठाची पदवी पुरी करायची म्हणून ते संघाच्या सराव शिबिराला उशिरा हजर होत.

१९६२ साली क्लीव्हलँडकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी सलग अकरा डाव एकही धाव दिली नाही आणि बाराव्यात सामना गमावला. १९६४ मध्ये सेंट लुईस आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्क मेट्स, असे दोन संघ त्यांच्या काळात जगज्जेते झाले. या दोन्ही वर्ल्ड सीरिज मिळून त्यांनी सात डाव टाकले, पण एकाही फलंदाजाला त्यांच्यावर हिट घेता आली नाही. अस्त्र कोणतं, तर ऐन वेळी खाली बसणारा सिंकर. व्हिएतनामच्या दौऱ्यात लष्करी रुग्णालयांतले जखमी सैनिक पाहिले आणि डॉक्टर व्हायचं मनाने घेतलं. १९७७ मध्ये पदवी, १९७९ पासून टोरांटो ब्लू जेज संघाचे डॉक्टर.

पिचरला तपासणाऱ्या डॉक्टरला इंजिनिअरिंग येत असेल तर बरंच, कारण पिचरचं कोपर हे मुळात ताकदीच्या गणिताचं प्रकरण आहे. जोरदार चेंडू टाकताना कोपराला बाजूला उघडू पाहणारा टॉर्क सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. तांदळाची वीस किलोची गोणी तळहाताशी टांगून कोपर बाजूला मोडू पाहावं, तसा हा ताण. कोपराच्या आतल्या बाजूचा, दोन हाडं बांधून ठेवणारा लहानसा अस्थिबंध तो झेलतो. मृतदेहावरच्या चाचण्यांत मात्र हा अस्थिबंध त्याच्या निम्म्या ताणालाच तुटतो! मग दर चेंडूला कोपर निखळत कसं नाही? भोवतालचे स्नायू नेमक्या क्षणी आवळून बराच भार उचलतात म्हणून. स्नायू दमले की वाटणी बिघडते आणि अस्थिबंध एकटा पडतो.

१९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरचा हा अस्थिबंध तुटला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात ओवला. हा स्नायुबंध आत्ता तुम्हीही पाहू शकता. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी ताठ उभं राहील. नाही राहिलं तरी घाबरू नका. बऱ्याच माणसांत तो जन्मतःच नसतो आणि पकडीत काही फरक पडत नाही. निसर्गाने जणू सुटा भाग म्हणून ठेवलेला! जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले.

इथेच घोळ झाला. हे यश इतकं डोळ्यांत भरलं की शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा वेगवान होतो, अशी समजूत अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंत आणि त्यांच्या पालकांत पसरली. ती भाबडी आहे. नवा स्नायुबंध वेग वाढवत नाही. परतलेला खेळाडू तगडा दिसतो, कारण वर्षभर त्याने व्यायामाशिवाय दुसरं काही केलेलं नसतं. आणि सगळेच परतत नाहीत. दाद सर्जनला मिळते. पण ‘आज चेंडू हातात धरायचा नाही’ असं सांगणाऱ्या टेलरसारख्या संघाच्या डॉक्टरांमुळे जी कोपरं तुटलीच नाहीत, त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

आपल्याकडे क्रिकेटमध्ये गोलंदाजाचं कोपर बचावतं, कारण ते १५ अंशांहून जास्त सरळ झालं की चेंडू अवैध. ताण मग कमरेवर जातो. वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्यांना बारीक तडे जातात. जसप्रीत बुमराह २०२२ मध्ये त्यामुळेच विश्वचषकाला मुकला. सांधा बदलला तरी दमलेल्या स्नायूंचं गणित तेच. अमेरिकेच्या लिटल लीगने २००७ पासून मुलांच्या चेंडूंवर दिवसाची मर्यादा घातली: अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५. आपल्या क्रिकेट शिबिरांत मुलाचा वेग किती, हे पालक कौतुकाने विचारतात. आठवड्यात एकूण किती षटकं टाकून घेतली, नेट्समधली धरून, हेही विचारायला लागावं. उत्तर देता आलं नाही, तर शिबिर बदलावं.