चिंचोक्याएवढें हाड

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून नऊ माणसें आहेत, आणि दहावी चिंगी. ही चिंगी म्हणजे पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखी दिसणारी पांच वर्षांची कुत्री. आणतांना तिला पॉमेरेनियन म्हणून आणलें. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकांठचा प्रांत, आज तो जर्मनी व पोलंड या दोन देशांत विभागलेला आहे, असें आम्हीं नातवंडांस नकाशा काढून समजावूनही दिलें. पुढें कळलें कीं, आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जीं कुत्रीं घरोघर दिसतात त्यांतील पुष्कळशीं इंडियन स्पिट्झ या जातीचीं असतात. खरा पॉमेरेनियन तीन किलोंच्या आंतबाहेरचा. म्हणजे आमचा भूगोल बरोबर होता, कुत्रें मात्र दुसरें होतें.

गेल्या वर्षीं ज्येष्ठाच्या सुमारास चिंगी धांवतां धांवतां मध्येंच उजवा मागील पाय उचलूं लागली. तीन-चार पावलें ती तशीच उड्या मारीत जाई, आणि मग जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चारी पायांवर चालूं लागे. मुलें टाळ्या पिटून म्हणत, "आजोबा, चिंगी लंगडी खेळते!" आम्हीही हंसत असूं. हें हंसणें सात महिने चाललें, ही गोष्ट प्रथमच सांगून टाकतों. कारण हा लेख लिहिण्यास बसलों तो मुख्यतः तेवढ्यासाठीं. ज्यांच्या घरीं लहान जातीचें कुत्रें आहे त्यांनीं असली लंगडी कदाचित् पाहिली असेल. तो खेळ नव्हे.

पौषांत गांवांतील जनावरांच्या एका डॉक्टरांनीं पाय मुरगळला आहे असें सांगून तीन वेळां सुई टोंचली. सुईनंतर दोन दिवस बरें वाटे, तिसऱ्या दिवशीं लंगडी पुन्हां सुरू. शेजाऱ्यांनीं नारायण तेल सुचविलें, सौभाग्यवतींनीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली, आणि एका स्नेह्यांनीं स्वतःच्या गुडघ्याकरितां आणलेली आयब्युप्रोफेनची गोळी अर्धी करून देऊं केली. ती दिली नाहीं हें चिंगीचें दैव. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या जठरांत व्रण पाडते व मूत्रपिंडें बिघडविते, हें आम्हांस मागाहून कळलें. तेलानें व दृष्टीनें निदान अपाय तरी झाला नाहीं.

अखेर माघांत मुलाबरोबर तिला पुण्यास नेलें. तेथील डॉक्टरीणबाई वयानें आमच्या सुनेएवढ्या. त्यांनीं यंत्राकडे न वळतां प्रथम चिंगीस जमिनीवर चालवून पाहिलें, मग उभी धरून व मग कुशीवर निजवून आंगठ्यानें गुडघा चांचपला, आणि आमचें बोट धरून नेमकें त्या जागीं ठेवलें. बोटाखालीं कांहीं तरी टचकन् आंतल्या बाजूस सरकलें व परत आलें.

"काका, ही गुडघ्याची वाटी," बाई म्हणाल्या. "चिंचोक्याएवढीच आहे. ती खांचेंतून निसटते. हिला कांहीं लागलेलें नाहीं, हिचा गुडघाच असा घडला आहे."

सुश्रुतानें हाडांचे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांत जानूचें हाड 'कपाल' या वर्गांत घातलें आहे. कपाल म्हणजे खापरी, आणि आपण म्हणतों ती वाटी. दोन्ही नांवें एकाच नजरेनें पाहून ठेवलेलीं दिसतात. सांधे निखळण्याचे सहा प्रकार व हाडें मोडण्याचे बारा प्रकारही त्यानें निरनिराळे वर्णिले आहेत. हें सारें आम्हीं तरुणपणीं पाठ केलें होतें. परंतु पाठ केलेलें आणि बोटाखालीं हललेलें यांत किती अंतर असतें तें त्या दिवशीं कळलें.

आडावरची कप्पी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही रचना समजण्यास अडचण पडूं नये. मांडीच्या पुढील स्नायूंचा दोर गुडघ्यावरून खालीं उतरतो व नडगीच्या हाडाला जो उंचवटा असतो त्यास बांधलेला असतो. वाटी या दोरांतच ओंवलेली असते, आणि मांडीच्या हाडाच्या टोंकाशीं असलेल्या खांचेंतून ती वर-खालीं घसरते. आतां कप्पीची खांच उथळ असली, किंवा ज्या खुंटीस दोर बांधला ती खुंटी एका अंगास झुकलेली असली, तर ओढ बसतांच दोर बाजूस पडावयाचा. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, लहान पूडल अशा जातींत हा दोष पुष्कळ आढळतो, व वाटी बहुधा आंतल्या अंगास निसटते. दोर पडला कीं पाय नीट टेंकत नाहीं. कुत्रें तो उचलून धरतें, दोन-चार उड्या मारतें, मागें ताणून झटका देतें. वाटी खांचेंत बसते आणि चालणें पूर्ववत् होतें. आमच्या मुलांची लंगडी ती हीच. हा दोष पडण्या-आपटण्यानें क्वचित् होतो, बहुतेक वेळां तो रक्तांतून आलेला असतो. म्हणून अशा कुत्र्याची वीण करूं नये असें बाईंनीं बजावलें. चिंगीस एकदां तरी पिलें व्हावींत ही मुलांची मोठी हौस होती, ती तेथेंच राहिली.

या दोषाच्या चार पायऱ्या मानितात. १९६८-६९ सालीं पुटनम व सिंगलटन यांनीं मांडलेली ही प्रतवारी थोड्याफार फरकानें आजही चालते. पहिलींत हातानें ढकलली तरच वाटी सरकते व सोडतांच परत येते. दुसरींत ती आपोआप निसटते, आणि आपोआप किंवा हातानें बसते. तिसरींत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, बसविली तरी टिकत नाहीं. आणि चौथींत बसतच नाहीं. पहिलीस सहसा शस्त्र लावीत नाहींत, तिसरी-चौथीस बहुधा लावावें लागतें. खरा पेंच दुसरीचा, आणि चिंगीचा उजवा गुडघा नेमका दुसरींत होता. डावाही अगदीं निर्दोष नव्हता, तो पहिलींत.

"किती वेळां निसटते आणि दुखतें किती, यावरून ठरवूं," बाई म्हणाल्या. "घरीं जाऊन मोजा. आणि काका, आधीं हिला बारीक करा."

चिंगीचें वजन ७ किलो २०० ग्रॅम भरलें. बाईंच्या मतें तें साडेपांचाच्या जवळपास हवें होतें. हा भार कोठून आला हें सांगावयास ज्योतिषी नको होता. सकाळची साय सौभाग्यवती देत, पोळीचा तुकडा वहिनी देत, नातू ताटांतली नावडती भाजी सोडून बाकी सर्व देई, आणि प्रत्येकाची समजूत अशी कीं, आपण काय तो एकच घांस दिला. एकत्र कुटुंबांत कुत्र्यास उपाशी कोणी मरूं देत नाहीं. मारावयाचें तर अन्नानेंच मारतात. अमेरिकेंत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांतील ज्यांस जोडीदारापेक्षां चतुर्थांश अन्न कमी दिलें तीं कुत्रीं जवळजवळ दोन वर्षें अधिक जगलीं, आणि त्यांस संधिवातही उशिरां झाला. हा मजकूर आम्हीं जेवणघरांत मोठ्यानें वाचून दाखविला. त्यानंतर चिंगीचें अन्न सुनेनें एकटीनें, मापानें द्यावयाचें असें ठरलें. नातवानें तीन दिवस अबोला धरला.

दुसरें पथ्य फरशीचें. दोन वर्षांपूर्वीं मुलानें हौसेनें सबंध घरास आरशासारखी गुळगुळीत फरशी बसविली. तिच्यावर चिंगीचे पाय फांकत व प्रत्येक घसरणीस गुडघ्यास पीळ बसे. आतां त्या फरशीवर माळ्यावरच्या जुन्या सतरंज्या पसरल्या आहेत. पाहुणे विचारतात, कार्य आहे का? पंजांमधील केंस व नखें वरचेवर कापलीं, जिन्याच्या तोंडाशीं फळी लावली, आणि गळ्यांत दोर अडकवून सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यानें हळूहळू चालविण्याचें काम आम्हीं पत्करलें. आमच्याही गुडघ्यांस तें मानवलें.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हां आमचे थोरले बंधू दादा यांनीं निक्षून विरोध केला. ते ७४ वर्षांचे आहेत व दिवसभर ओटीवर झोपाळ्याशेजारीं बसून असतात. "अरे, ती जेवते, भुंकते, शेपूट हालविते. ज्यास बोलतां येत नाहीं त्याचें हाड त्याच्या होकारावांचून कापावयाचें, हा अधिकार तुला कोणी दिला?" असें म्हणून त्यांनीं महाभारताच्या आरंभींची सरमेची गोष्ट काढली. जनमेजयाच्या भावांनीं तिच्या निरपराध पोरास मारलें, तेव्हां ती देवशुनी यज्ञमंडपांत येऊन जाब विचारते. "चिंगीच्या वतीनें जाब विचारावयास कोण येणार आहे?" दादा म्हणाले. पैशाची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं. ती आम्हींच मनांतल्या मनांत काढली होती, कारण खर्चाचा आंकडा आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता, आणि सौभाग्यवतींच्या डोळ्यांतील मोतीबिंदूही वाट पाहत होता.

दादांस उत्तर द्यावें असें आम्हांस फार वाटलें, पण तें सुचेना. उत्तर सुनेनें दिलें, आणि तेंही वाद म्हणून नव्हे. ती म्हणाली, "मामंजी, चिंगी हल्लीं झोपाळ्यावर चढत नाहीं. आणि बाळानें मांडीवर घेतली कीं गुरगुरते. पूर्वीं कधीं गुरगुरत नसे." कुत्रें दुखण्यानें विव्हळतेंच असें नाहीं, तें सवयी बदलतें, गुडघा चाटीत बसतें, खेळ अर्ध्यावर सोडतें. घरांतील आम्हां शिकल्यासवरल्या पुरुषांपैकीं एकाच्याही लक्षांत हें आलें नव्हतें.

मोजण्याचें काम दादांनींच आपण होऊन घेतलें, कारण तेवढी सवड दुसऱ्या कोणासच नव्हती. शाळेची एक कोरी वही घेऊन, पाय उचलला कीं एक रेघ, असा त्यांचा नेम. फाल्गुनांत रोज नऊ-दहा रेघा पडत. वैशाखांत वजन ५ किलो ९०० ग्रॅमवर आलें आणि रेघा चारांवर आल्या. दादा वही घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांस दाखवूं लागले, आणि आम्हांसही वाटलें कीं, पथ्यानेंच काम भागणार. पुष्कळ कुत्र्यांचें तसें भागतेंही. दुसऱ्या पायरीवर जन्म काढून सुखानें मरणारीं कुत्रीं आहेत. चिंगीचें भागलें नाहीं. आषाढ लागतांच रेघा बारा झाल्या, पंधरा झाल्या. एके दिवशीं संध्याकाळीं दादा काठी टेंकीत आमच्या खोलींत आले, वही आमच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आजची रेघ एकच आहे. सकाळीं पाय उचलला तो अजून खालीं आलेला नाहीं. तारीख घे."

पुण्यास बाईंनीं पाहून तिसरी पायरी सांगितली. वाटी वरचेवर कांठावरून घसरल्यानें हाडावरील गुळगुळीत कूर्चा झिजते, पुढें संधिवात जडतो, आणि कांहीं कुत्र्यांत गुडघ्याच्या आंतील बंधही तुटतो. म्हणून आतां थांबण्यांत अर्थ नाहीं असें त्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली तरी दहांतल्या दहांस गुण येतो असें नाहीं, कांहींची वाटी पुन्हां निसटते, क्वचित् टांचणी सरकते किंवा जखम चिघळते, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. सात महिने आधीं आणली असती तर काय झालें असतें, असें आम्हीं विचारलें. त्यांचें उत्तर सौम्य होतें. तें येथें देत नाहीं. सौभाग्यवती तेवढ्या म्हणाल्या, "अहो, माझ्या डोळ्याचें दिवाळीनंतर पाहूं."

मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, तेव्हां त्या विद्येचे मुख्य रोगी घोडे व बैल होते; परळच्या जनावरांच्या रुग्णालयास लोक अजून बैलघोडा म्हणतात. चिंचोक्याएवढ्या हाडावर काम करण्याची पाळी तिजवर बरीच मागाहून आली, आणि तें काम निष्णात सुताराचें आहे. मांडीच्या हाडाच्या खांचेंतून वरच्या गुळगुळीत थरासह एक पाचर कापून उचलतात, तिच्या खालचें हाड थोडें कोरतात, आणि पाचर परत बसवितात; त्यायोगें खांच खोल होते व वरचा गुळगुळीतपणा कायम राहतो. नडगीवरचा उंचवटा कापून बाहेरच्या अंगास सरकवितात व बारीक टांचण्यांनीं ठोकून ठेवतात. आंतील अंगाचे घट्ट पडदे सैल करितात, बाहेरील सैल झालेले आवळतात. रक्ताची तपासणी, आदल्या रात्रीचा उपास, भूल, हें सर्व माणसाप्रमाणेंच. श्रावणांत हें झालें. बाहेरच्या बाकावर आम्ही व मुलगा दोन तास बसलों होतों, आणि दोघांच्या हातांतलें वर्तमानपत्र एकाच पानावर होतें.

खरी परीक्षा पुढें असते, व ती कुत्र्याची नसून घराची असते. आठ आठवडे उडी नाहीं, जिना नाहीं, धांवणें नाहीं. लघुशंकेपुरतें दोर धरून अंगणांत न्यावयाचें व परत आणावयाचें. नातवाच्या लहानपणींचा लाकडी कठडा माळ्यावरून काढून त्यांत चिंगीस ठेवली, गळ्यांत शंकूच्या आकाराचें आवरण. पहिले दोन आठवडे, टांके निघेपर्यंत, ती केविलवाणी बसून राही. तिसऱ्यापासून तिला बरें वाटूं लागलें, आणि तोच काळ सर्वांत कठीण; हाड अजून सांधलेलें नसतें आणि कुत्र्यास मात्र उड्या माराव्याशा वाटतात. गणपतींत घर पाहुण्यांनीं भरलेलें असतां दादा कठड्याशेजारीं खुर्ची टाकून बसले आणि आरतीसही उठले नाहींत. चिंगी त्यांच्या हातावर हनुवटी ठेवून निजे.

अश्विनांत छायाचित्र काढलें. हाड सांधलें आहे, वाटी जागेवर आहे. टांचण्या त्रास देत नाहींत तोंवर आंतच राहावयाच्या. उजवा पाय चिंगी आतां टेंकते. अंगणांत वळतांना किंचित् जपून वळते, बाकी पाहणाऱ्यास कळूं नये. झोपाळा दादांनीं अजून तिच्यासाठीं बंद ठेवला आहे. सौभाग्यवतींच्या डोळ्याची तारीख मार्गशीर्षांतली मिळाली.

डाव्या पायाकरितां दादांनीं नवी वही केली आहे. दीड महिना ती कोरी होती. काल दुपारीं तींत एक रेघ पडली.