‘बाकी तुम्ही बघा काका’ म्हणू नका!

शेवटच्या वर्षाला आलात की कॉलेजात नोटीस लागते, ‘प्लेसमेंटला फॉर्मल्स कम्पल्सरी’. त्यात घरात कुणाचं तरी लग्न असतंच. मग ठरतं, चला, सूट शिवूनच घेऊ!

माझा पहिला सूट बाबांच्या दिवाळी बोनसमधून झाला. टेलरकाकांनी विचारलं, ‘कसा हवाय?’ मी मोबाइलमधला एका हिरोचा फोटो पुढे केला आणि म्हटलं, ‘असाच. बाकी तुम्ही बघा काका.’ सूट अगदी तस्साच झाला, चकचकीत आणि अंगाला घट्ट. फक्त हिरो फोटोत उभा होता आणि मला इंटरव्ह्यूत बसायचं होतं. अर्धं लक्ष प्रश्नांकडे, अर्धं मांडीवरच्या शिवणीकडे! चूक काकांची नव्हती. मला काय हवंय, हे मलाच माहीत नव्हतं.

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी स्वतःलाच विचारा, हा सूट मी कुठे कुठे घालणार? एकच शिवणार असाल तर नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी घ्या. इंटरव्ह्यूलाही चालतो, लग्नालाही. शिवाय पॅन्ट वेगळी वापरता येते. कापड हातात घेऊन बघा. निव्वळ पॉलिस्टर आपल्या उकाड्यात घाम काढतं, हलकं वूल-मिक्स बरं पडतं. मोठ्या पन्ह्याचं साधारण ३ ते साडेतीन मीटर कापड लागतं. कॉलर, बटणं दोन की तीन, मागे कट एक की दोन, हे घरीच ठरवून कागदावर लिहा. फोटो दाखवा, पण त्यातलं नेमकं काय आवडलं तेही सांगा.

माप द्यायला आणि ट्रायलला जाताना सूटवर घालणार तोच शर्ट, तेच बूट घाला. ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका. बसा, वाका, हात पुढे करा. खांदा नीट तपासा, कारण बाही-लांबी नंतर दुरुस्त होते, खांदा सुधारणं फार किचकट. शिवणीत दाब जास्त ठेवायला सांगा, आपली अंगं अजून भरायची आहेत! अस्तर शिलाईत धरलंय का, तेही आधीच विचारा. आणि तारीख कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीची घ्या.

अशा सूटला इंग्रजीत ‘बीस्पोक’ म्हणतात. ‘बीस्पीक’ या जुन्या क्रियापदावरून हा शब्द आलाय. अर्थ, आधी सांगून ठेवणं. म्हणजे बोलायचं आपणच. टेलरकाका कापतात ते आपण सांगितल्याबरहुकूम.

माझ्या पॅन्टीत दाबच नव्हता, त्यामुळे ती सैल करता आली नाही. सूट कपाटात लटकतोय. बाबा अधूनमधून विचारतात, ‘तो सूट घालत नाहीस का रे?’

तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका.