विश्लेषण : वारली चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला वाटा मिळतो का?

समजा, शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या चित्रकाराने कापडावर तारपा नाचाचे चित्र काढले आणि ४ हजार रुपयांना विकले. काही वर्षांनी त्याचे नाव झाले. तेच चित्र पहिल्या ग्राहकाने मुंबईत १ लाख रुपयांना विकले. वाढलेली किंमत चित्रकाराच्या नावामुळे आली. पण पैसे गेले मधल्या मालकाकडे. अशा वेळी चित्रकाराला काही मागता येते का? भारतीय कायद्याचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र त्यातील एक अट शहापूर-मुरबाडमधील बहुतेक कामांना आडवी येऊ शकते.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९९४ मधील दुरुस्तीने त्यात कलम ५३-अ आले. चित्र, रेखाचित्र किंवा शिल्पाची मूळ कलाकृती १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकली गेली, तर त्या किमतीत कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क आहे. साहित्य, नाटक आणि संगीताच्या मूळ हस्तलिखितांनाही हे कलम लागू आहे. वाट्याची कमाल मर्यादा फेरविक्रीच्या किमतीच्या १० टक्के. म्हणजे वरच्या उदाहरणात जास्तीत जास्त १० हजार रुपये.

कलाकाराने नंतर कॉपीराइट दुसऱ्याला लिहून दिला असला तरी हा हक्क जात नाही. तो कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे कलाकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. डहाणू तालुक्यातील पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या चित्रांवरील कॉपीराइट २०७८ च्या अखेरपर्यंत राहील.

कोणत्या चित्राला लागू नाही?

हक्क फक्त मूळ चित्राचा आहे. त्यावरून छापलेले कप, साड्या, पोस्टर यांच्या फेरविक्रीत वाटा नाही. (परवानगीविना छपाई केली, तर तो कॉपीराइट भंगाचा वेगळा विषय.) १० हजार किंवा त्यापेक्षा कमी किमतीची फेरविक्रीही यात येत नाही.

मग अडचण कुठे आहे?

‘ऑर्डर’मध्ये. हा वाटा मागण्यासाठी कलाकार हा त्या कलाकृतीच्या कॉपीराइटचा ‘पहिला मालक’ असावा लागतो. चित्रकाराने आपल्या मनाने चित्र काढले आणि नंतर विकले, तर पहिला मालक तोच. पण कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचेही तसेच.

मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूरजवळ किंवा माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला मुरबाडमध्ये एखादे रिसॉर्ट, फार्महाऊस चित्रे सांगून काढून घेते, तेव्हा व्यवहार बहुधा तोंडीच होतो. लेखी काही नसेल, तर त्या कॅनव्हासचा कॉपीराइट ग्राहकाकडे जाऊ शकतो आणि त्याबरोबर फेरविक्रीतील वाटाही. उलट, ‘कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील’ एवढे आधी ठरले असेल, तर हक्क शाबूत राहतो. असे तोंडी ठरले तरी चालते, पण वाद झाला तर ते सिद्ध करणे अवघड जाते.

भौगोलिक मानांकनाने हा प्रश्न सुटत नाही का?

नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. पण ते ‘वारली’ या नावाचे आणि त्या प्रदेशाच्या कलेचे संरक्षण करते. ते समूहासाठी असते. फेरविक्रीतील वाटा मात्र एका चित्राचा, एका चित्रकाराचा हक्क आहे. पूर्वी लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या बाया त्यावर सही करीत नसत. ते विकायचे नव्हतेच. १९७० च्या दशकापासून ही चित्रे कागद-कापडावर येऊन बाजारात गेली. तेव्हापासून चित्र कोणी काढले, याची नोंद महत्त्वाची झाली.

कायदा आहे, मग पैसे का मिळत नाहीत?

कायद्याने कमाल मर्यादा दिली, पण नेमका दर दिला नाही. तो ठरवण्याचे काम आधी कॉपीराइट मंडळाकडे होते. पुढे ते बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. २०२१ मध्ये तेही बंद झाले आणि आता हे अधिकार व्यावसायिक न्यायालयाकडे आहेत. वाटा विक्रेत्याने द्यायचा की खरेदीदाराने, हे कलमात स्पष्ट नाही. फेरविक्री झाल्याचे कलाकाराला कळवण्याचे बंधनही कोणावर नाही. विक्री झाली हेच कळले नाही, तर मागणार काय?

शिवाय हा हक्क देशाच्या सीमेपर्यंतच. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १.३८ कोटी डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. अमेरिकेत देशपातळीवर असा कायदा नसल्याने तिथे वारसांना या वाट्याचा दावा करता येत नाही.

इतर देशांत काय होते?

फ्रान्सने हा हक्क १९२० मध्ये दिला. ऑस्ट्रेलियात २०१० पासून फेरविक्रीच्या किमतीवर सरसकट ५ टक्के दर आहे. तिथे विक्रीची माहिती देणे सक्तीचे असून एक संस्था पैसे गोळा करून कलाकारांपर्यंत पोहोचवते. लाभ घेणाऱ्यांत तिथल्या मूळनिवासी चित्रकारांची संख्या मोठी आहे. भारतात संगीतकार-गीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था मानधन गोळा करते; चित्रांच्या फेरविक्रीसाठी अशी व्यवस्था रूढ झालेली नाही.

चित्रकारांनी काय करावे?

• प्रत्येक चित्रावर सही आणि तारीख घाला. मागच्या बाजूला पूर्ण नाव, गाव लिहा.

• विकण्यापूर्वी चित्राचा पुढून-मागून फोटो काढून जपून ठेवा.

• साध्या कागदावर का होईना, पावती करा : ग्राहकाचे नाव, फोन, किंमत, तारीख.

• ऑर्डर घेताना काम सुरू करण्याआधी ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील’ असे लिहून ग्राहकाची सही घ्या. ते शक्य नसेल, तर निदान व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवून होकार घ्या आणि तो चॅट पुसू नका.

• वाद झाल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

दर ठरवणे आणि विक्रीची नोंद सक्तीची करणे हे सरकारचे काम आहे. पण उद्या ते झाले, तरी सही-पावती नसलेल्या किंवा काही न ठरवता ऑर्डरवर काढून दिलेल्या चित्राचा वाटा मागणे कठीणच जाईल.