काच धुराची, चुंबक भुकटीचा

इंग्लंडमधल्या हार्लो गावातल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचा एक निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. टेलिफोनवरची संभाषणे प्रकाशाच्या रूपात काचेच्या तंतूतून पाठवता येतील, असे त्यात म्हटले होते. अट एकच होती. किलोमीटरभर अंतर कापल्यावर मूळ प्रकाशाचा निदान शंभरावा हिस्सा पलीकडे पोचला पाहिजे. शंभरातले नव्व्याण्णव हिस्से वाया गेले तरी चालतील, म्हणजे अट सोपीच वाटते. पण त्या काळच्या चांगल्या काचेत तेवढा प्रकाश वीसेक मीटरमध्येच गडप होत असे.

दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हे काओंनी दाखवून दिले आणि २००९ साली त्यांना त्याबद्दल भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते योग्यच झाले. पण इतकी शुद्ध काच बनवायची कशी, हा प्रश्न तेव्हा तसाच उरला होता. तो ज्यांनी सोडवला त्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत सापडत नाहीत. कल्पना सुचवणाऱ्याचा फोटो छापायचा आणि ती कारखान्यात उतरवणाऱ्याला तळटीपेत ढकलायचे, ही विज्ञानाच्या इतिहासाची जुनी खोड आहे.

काच हजारो वर्षे एकाच रीतीने बनत आली. वाळू, सोडा आणि चुना एकत्र करायचा आणि भट्टीत वितळवायचा. वाळूत लोह असतेच. खिडकीची काच कडेने पाहिली तर हिरवी दिसते ती त्यामुळेच. लोह, तांबे, क्रोमियम असे धातू अब्जात काही कण एवढ्या प्रमाणात असले तरी प्रकाश गिळतात. वाळू कितीही धुतली तरी वितळवण्याच्या भांड्यातून घाण पुन्हा येणारच. भट्टीची वाट इथे खुंटली.

पुढची वाट अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत आधीच तयार होती. तिथल्या फ्रँक हाइड या रसायनशास्त्रज्ञाने १९३४ साली सिलिकॉन टेट्राक्लोराइड या द्रवाची वाफ ज्योतीत सोडून शुद्ध सिलिका मिळवली होती. त्या वेळी तिचा तंतूशी काही संबंध नव्हता. या द्रवाची खरी गंमत त्याच्या उत्कलनबिंदूत आहे. तो ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. लोहाच्या क्लोराइडची वाफ व्हायला तीनशेहून अधिक अंश लागतात. म्हणजे द्रव जरा कोमट केला की सिलिकॉन वर जाते आणि लोह खाली बसून राहते. शुद्धीकरणाचे काम निसर्गच फुकटात करून देतो. ती वाफ ज्योतीत गेली की पांढरीशुभ्र काजळी तयार होते. कंदिलाच्या काचेवर काळी धरते तशीच, फक्त ही सिलिकाची. काजळी तापवली की तिची पारदर्शक काच होते. भांडे नाही आणि वाळूही नाही, त्यामुळे घाण शिरायला दारच उरत नाही.

कॉर्निंगच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ या तिघांनी हीच काजळी कामाला लावली. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या कवचापेक्षा किंचित जास्त असावा लागतो, तरच प्रकाश आत कोंडून राहतो. तो वाढवण्यासाठी त्यांनी सिलिकात थोडे टायटॅनियम मिसळले आणि १९७० साली किलोमीटरला १७ डेसिबल घट असलेला तंतू ओढला. काओंची मर्यादा २० डेसिबलची, म्हणजे शंभरावा हिस्सा उरण्याची होती. मात्र टायटॅनियमचा तंतू उष्णतेची प्रक्रिया केल्यावर ठिसूळ होई. म्हणून १९७२ साली त्याच्या जागी जर्मेनियम आले आणि घट चार डेसिबलवर उतरली. जर्मेनियमचे टेट्राक्लोराइडही ८० अंशांच्या थोडे वर उकळते, त्यामुळे तेही त्याच युक्तीने शुद्ध होते. तंतूंच्या बहुतेक गाभ्यांत आजही जर्मेनियमच असते.

यानंतर चढाओढ लागली ती रीतींची. बेल लॅब्समधल्या जॉन मॅकचेस्नी यांनी १९७४ साली मांडलेली रीत मला सगळ्यांत देखणी वाटते. सिलिकाची पोकळ नळी लेथवर आडवी बसवून फिरत ठेवायची. आतून ऑक्सिजनबरोबर त्या दोन क्लोराइडांची वाफ सोडायची आणि बाहेरून बर्नर नळीच्या लांबीभर सरकवत न्यायचा. आत काजळी तयार होते. तापलेल्या वायूतले सूक्ष्म कण नेहमी गरमाकडून थंडाकडे सरकतात, म्हणून ती पुढच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. मग बर्नर तिथे पोचतो आणि तिची काच करतो. एक थर झाला की पुन्हा पहिल्यापासून. थरागणिक जर्मेनियमचे प्रमाण बदलत नेले की हवा तसा अपवर्तनांक मिळतो. शेवटी नळी दोन हजार अंशांच्या पुढे तापवली की काचेच्या पृष्ठताणाने मधले भोक आपोआप मिटते आणि भरीव दांडा हाती येतो. त्याला प्रीफॉर्म म्हणतात. ज्योत नळीच्या बाहेर राहिल्यामुळे तिच्यातले पाणी आत शिरत नाही, हा या रीतीचा मोठा फायदा.

कॉर्निंगने काजळी दांड्याच्या बाहेरून चढवली. जपानच्या एनटीटीमध्ये तात्सुओ इझावा आणि सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास ती फिरत्या दांड्याच्या टोकावर धरली आणि दांडा हळूहळू वर ओढत नेला. असा दांडा लांबीच्या दिशेने वाढतच राहतो. या दोन्ही रीतींत ज्योतीतले पाणी हायड्रॉक्सिलच्या रूपात काजळीत अडकते आणि प्रकाश शोषते. पण काजळी भुसभुशीत असते. काच होण्याआधी गरम क्लोरीन तिच्या छिद्राछिद्रांतून फिरवला की पाणी निघून जाते. एनटीटीने १९७९ मध्ये ०.२ डेसिबलचा तंतू दाखवला. वीस मीटरमध्ये संपणारा प्रकाश आता शंभर किलोमीटर गेल्यावर शंभरावा हिस्सा उरू लागला. तिन्ही रीती आजही कारखान्यांत चालू आहेत.

प्रीफॉर्मपासून तंतू काढणे दुरून सोपे दिसते. उंच मनोऱ्याच्या माथ्यावरच्या भट्टीत दांडा दोन हजार अंशांवर मऊ होतो आणि खालून तंतू ओढला जातो. गाभा आणि कवच यांचे प्रमाण ओढताना बदलत नाही, ही इथली मेख. दांड्यात जे आखले तेच केसाएवढ्या तंतूत उतरते. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन असते, म्हणून १२५ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर दांड्यातून एक हजार किलोमीटर तंतू निघतो. हिशेब साधा आहे. जाडी हजार पट कमी झाली की लांबी दहा लाख पट वाढते.

अडचण येते मजबुतीची. ताजा काचतंतू पोलादाहून मजबूत असतो, पण त्याला कशाचाही स्पर्श झाला, अगदी धुळीचा कण लागला, तरी पृष्ठभागावर सूक्ष्म चीर पडते आणि ताण आला की ती तिथूनच फाकत जाते. म्हणून मनोऱ्यातून उतरताना कुठल्याही चाकाला टेकण्याआधीच तंतूवर ॲक्रिलेटचा लेप चढतो आणि अतिनील प्रकाशाखाली लगेच सुकतो. मनोरे उंच बांधावे लागतात, कारण लेपाआधी तंतू थंड व्हायला अंतर हवे. मग सगळाच्या सगळा तंतू साडेआठशे ग्रॅमच्या आसपास वजन लटकवावे एवढ्या ताणातून जातो. कच्ची जागा असेल तर तिथेच तुटते, समुद्राच्या तळाशी गेल्यावर नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही सगळी साखळी चालवते. सिलिकॉन टेट्राक्लोराइडपासून काच आणि काचेपासून तंतू, दोन्ही मराठवाड्यात होतात, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

तंतू झाला, पण त्यात प्रकाश सोडणाऱ्या लेझरची एक नाजूक तक्रार असते. पुढच्या जोडांवरून थोडासा प्रकाश उलटून परत आत आला की लेझर बिथरतो. प्रकाशाला पुढे जाऊ देईल पण मागे येऊ देणार नाही, अशी झडप हवी. तिचे नाव ऑप्टिकल आयसोलेटर. तिचे मूळ मायकेल फॅराडेच्या १८४५ सालच्या प्रयोगात आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची पातळी फिरते. ती कोणत्या बाजूला फिरणार हे चुंबक ठरवतो, प्रकाशाची दिशा ठरवत नाही. म्हणून जाताना ४५ अंश फिरलेला प्रकाश परत येताना आणखी ४५ अंश फिरतो. एकूण ९० अंश झाले की दारातला ध्रुवक, म्हणजे एकाच पातळीतला प्रकाश जाऊ देणारी चकती, त्याला अडवतो.

या झडपेसाठी लागतो गार्नेट. नवरत्नांतला गोमेद याच घराण्यातला. मात्र इथे लागणारा गार्नेट लोह आणि बिस्मथ असलेला, कारखान्यातच वाढवलेला असतो. शिसे आणि बिस्मथ यांच्या ऑक्साइडांच्या रसात गार्नेटचे घटक विरघळवायचे, रस जरासा अतिशीत करायचा आणि त्यात दुसऱ्या गार्नेटची पातळ चकती आडवी फिरवत बुडवायची. चकतीवर अणू रांगेने बसत जातात. दोन्ही स्फटिकांतल्या अणूंची अंतरे जुळली नाहीत तर थर तडकतो, आणि आयसोलेटरला तर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड लागतो.

ही बुडवण्याची रीत १९७१ साली बेल लॅब्समध्ये बसवली गेली ती भलत्याच कामासाठी. तेव्हा ‘मॅग्नेटिक बबल मेमरी’चा बोलबाला होता. गार्नेटच्या पातळ थरात चुंबकाचे बुडबुडे सरकवून माहिती साठवायची, अशी ती योजना. इंटेलने १९७९ मध्ये दहा लाख बिटांची चिप बाजारात आणली. पुढे हार्ड डिस्क आणि सिलिकॉनच्या चिपा स्वस्त होत गेल्या आणि १९८० च्या दशकात बबल मेमरी बसली. पण स्फटिक वाढवण्याची रीत, त्या चकत्या आणि ती कळणारे हात मागे उरले होते. फायबरवाल्यांना नेमके तेच हवे होते. वस्तू बुडते आणि ती बनवण्याची विद्या दुसऱ्याच धंद्यात तरते, अशी उदाहरणे कारखानदारीच्या इतिहासात सापडतात. त्यांत मला हे सगळ्यांत बोलके वाटते.

या गार्नेटभोवती काही मिलिमीटरचे चुंबकाचे कडे बसवलेले असते. ताकदवान छोट्या चुंबकाची गोष्ट तर याहून रंगतदार आहे.

मासातो सागावा जपानच्या फुजित्सू कंपनीत समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम करत होते. कोबाल्ट महाग, लोह स्वस्त. पण लोहाचे अणू स्फटिकात फार जवळ येतात म्हणून चुंबकत्व टिकत नाही, असे त्यांनी एका व्याख्यानात ऐकले. मग बोरॉनसारखा छोटा अणू घालून ते दूर का सारू नयेत, असा विचार त्यांनी केला. १९८२ साली ते सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि निओडिमियम हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य, लोह व बोरॉन यांचा चुंबक त्यांनी तडीस नेला. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट स्वतंत्रपणे त्याच संयुगापाशी पोचले. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या एका परिषदेत दोघांचे काम एकदमच पुढे आले.

संयुग एकच, रीती मात्र दोन. क्रोट वितळलेल्या मिश्रधातूची धार वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडत. ती क्षणार्धात गोठून पातळ पापुद्रे होत. ते चुरून राळेत मिसळले की हव्या त्या आकाराचा चुंबक साच्यातून काढता येतो, फक्त त्याची ताकद कमी असते. सागावांनी भुकटीची वाट धरली. मिश्रधातू तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत दळायचा, म्हणजे प्रत्येक कण एकच स्फटिक होतो. ती भुकटी जोरदार चुंबकीय क्षेत्रात धरली की सगळे कण एका दिशेला तोंड करून उभे राहतात. तशाच अवस्थेत दाबून निर्वातात हजाराहून थोड्या अधिक अंशांवर भाजले की घट्ट चुंबक तयार होतो. विजेच्या गाड्यांच्या मोटारींत हाच लागतो.

कागदावर हे दहा ओळींत मावते. प्रत्यक्षात ही भुकटी हवेचा वारा लागताच पेट घेऊ शकते, म्हणून दळण नायट्रोजनमध्ये चालते. त्याआधी मिश्रधातूचे तुकडे हायड्रोजनमध्ये ठेवतात. तो आत शिरतो, धातू फुगतो आणि आपोआप भुगा होतो. ही युक्ती बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रेक्स हॅरिस यांची. जुन्या मोटारींतले चुंबक काढून पुन्हा वापरण्यासाठीही आता तीच कामी येते. ऑक्सिजन किती शिरू द्यायचा आणि भट्टी किती वेळ कोणत्या तापमानाला ठेवायची, हे पेटंटच्या कागदात पूर्णपणे उतरत नाही. ते भट्टीजवळ वर्षे काढलेल्या माणसांना ठाऊक असते.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याची झळ पुणे परिसरातल्या विजेच्या स्कूटरींच्या उत्पादनालाही लागली. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि त्यातून निओडिमियम वेगळे काढण्याची सोयही देशात आहे. उणीव आहे ती पुढच्या पायऱ्यांची. आयआरईएल या सरकारी कंपनीच्या विशाखापट्टणम येथील कारखान्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने समेरियम-कोबाल्टचे चुंबक बनतात, पण क्षमता वर्षाला ३००० किलोची. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये भाजलेल्या दुर्मीळ मृदा चुंबकांसाठी ७२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे उद्दिष्ट वर्षाला ६००० टनांचे आहे, म्हणजे त्या कारखान्याच्या क्षमतेच्या दोन हजार पट.

पैसा मंजूर झाला. आता भुकटी आणि भट्टी कळणारी माणसे लागतील. पुण्याच्या सीओईपीमध्ये, नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये आणि आयआयटी मुंबईत धातू व पदार्थ अभियांत्रिकीचे विभाग आहेत. बारावीनंतर पसंतीक्रम भरताना कॉम्प्युटरच्या खाली, अगदी नाइलाजाने हे नाव टाकणाऱ्या घरांनी या वर्षी ते थोडे वर लिहून पाहावे.